डेंटल स्कूलची तयारी: अर्जाच्या जूनपासून मागे मोजत या

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी ऑगस्ट २०२६ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजात पहिल्या वर्षाला जाते आहे, डेंटिस्ट व्हायचं तिचं पक्कं आहे, आईवडील एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आणि ती एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर. आतापासून काय करायला घ्यावं, आणि शॅडोइंग (डेंटिस्टच्या दवाखान्यात बसून काम बघणं) याच उन्हाळ्यात सुरू करावं का?

शॅडोइंग थोडं थांबू शकतं. आधी कॅलेंडर घेऊन बसा आणि उलटं मोजा. ती मे २०३० मध्ये पदवीधर होणार आणि त्याच ऑगस्टमध्ये डेंटल स्कूल सुरू करणार असेल, तर अर्ज जून २०२९ मध्ये जायला हवा. म्हणजे वर्गात बसण्याच्या तब्बल चौदा महिने आधी. 'आडसॅस' हे सामाईक पोर्टल साधारण मेच्या मध्याला उघडतं आणि जूनच्या सुरुवातीपासून अर्ज सादर करता येतो. शाळांची अंतिम तारीख पुढे हिवाळ्यापर्यंत असते, पण त्या तारखेवर जाऊ नका. बहुतेक शाळा अर्ज येतील तसे वाचतात आणि मुलाखतीच्या जागा भरत जातात. डिसेंबरच्या मध्याला प्रवेशाची पहिली पत्रं निघतात, तोवर बऱ्याच शाळांच्या मुलाखती अर्ध्याच्या वर झालेल्या असतात. ऑक्टोबरात पोचलेला चांगला अर्ज जुलैत पोचलेल्या बऱ्या अर्जाच्या मागे उभा राहतो.

आता यातली मेख बघा. जून २०२९ मध्ये शाळेला दिसणार फक्त सहा सेमिस्टर, आणि त्यातली दोन म्हणजे पहिलं वर्ष. घर सोडून राहायची सवय नाही, रूममेट नवी, केमिस्ट्रीच्या वर्गात दोनशे मुलं, अशा वर्षाला तिच्या जीपीएमध्ये (४ पैकी सरासरी ग्रेडमध्ये) एक तृतीयांश वजन आहे. हिशोब करून बघा: दर सेमिस्टरला १५ क्रेडिट धरली, पहिली दोन सेमिस्टर ३.० ची गेली आणि पुढची चारही ३.८ ची झाली, तरी अर्जाच्या वेळी ३.५३ च होतात. फक्त पहिलंच सेमिस्टर ३.० चं असेल तर ३.६७. प्रवेश मिळालेल्या मुलांची सरासरी साधारण ३.६ च्या आसपास फिरते, म्हणजे हा फरक नेमका उंबरठ्यावरचा आहे. शॅडोइंगचे तास वाढवता येतात, परीक्षा परत देता येते, निबंध दहा वेळा लिहिता येतो. जीपीए मात्र एकदा पडला की वर काढायला वर्षं लागतात.

त्यातही एक गोष्ट पालकांना हमखास माहीत नसते. बऱ्याच कॉलेजांत विषय पुन्हा घेतला की जुना ग्रेड पुसून नवा धरतात. आडसॅस तसं करत नाही. ते जीपीए स्वतः नव्याने काढतं आणि त्यात सगळे प्रयत्न मोजतं. ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या चार क्रेडिटला सी आला आणि पुन्हा घेऊन ए मिळवला, तर कॉलेजच्या कागदावर ए दिसेल, पण आडसॅसच्या हिशोबात ती आठ क्रेडिट बी सरासरीची होतात. शिवाय बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स यांचा वेगळा सायन्स जीपीए निघतो आणि तो शाळा आधी बघतात. म्हणून सेमिस्टरच्या मध्यावर सी च्या खाली घसरतंय असं दिसलं, तर विड्रॉवलची तारीख उलटायच्या आत ॲडव्हायझरशी बोलून 'डब्ल्यू' (ग्रेडऐवजी विषय सोडल्याची नोंद) घेणं अनेकदा शहाणपणाचं ठरतं. एखादा डब्ल्यू कुणाला खुपत नाही. दर वर्षी एक दिसू लागला की खुपतो. एच-४वर असताना अडचण नाही, पण एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेल्यावर पूर्णवेळ क्रेडिट राखावी लागतात, तेव्हा तिथे डब्ल्यू घेण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारावंच लागतं.

विषयांची मांडणी तशी ठरलेली आहे. पहिल्या वर्षी बायॉलॉजी आणि जनरल केमिस्ट्री, दोन्ही लॅबसह, आणि जोडीला इंग्रजी व गणित किंवा स्टॅटिस्टिक्स. दुसऱ्या वर्षी ऑरगॅनिकची दोन्ही सेमिस्टर. तिसऱ्यात बायोकेमिस्ट्री, फिजिक्स, आणि जमल्यास मायक्रोबायॉलॉजी, ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी. बहुतेक शाळा बायॉलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक आणि फिजिक्स यांची प्रत्येकी आठ सेमिस्टर क्रेडिट मागतात, पण प्रत्येक शाळेचे काही ना काही नखरे असतात. कुणाला ऑनलाइन लॅब चालत नाही, कुणी कम्युनिटी कॉलेजची क्रेडिट घेत नाही, आणि एपीच्या (हायस्कूलातल्या कॉलेज दर्जाच्या परीक्षेच्या) गुणांवर सोडलेला विषय कित्येक शाळा मानत नाहीत. आपल्याकडच्या हुशार मुलांची इथेच पंचाईत होते. हायस्कूलात एपी बायॉलॉजी आणि एपी केमिस्ट्रीत ५ मिळाले म्हणून पहिल्याच सेमिस्टरला थेट ऑरगॅनिकला बसायचं, हा सल्ला मी देत नाही. एपी क्रेडिट घ्यायचंच असेल तर त्याच विभागातला वरचा विषय नंतर घेऊन ती जागा भरून काढावी. आणि पहिल्या सेमिस्टरला १८ क्रेडिट उचलून काहीही सिद्ध होत नाही. १४-१५ पुरेत, त्यात सायन्सचे विषय दोनच.

हायस्कूलमध्ये असताना ड्युअल एनरोलमेंटमध्ये कम्युनिटी कॉलेजचा एखादा विषय केला असेल तर तो आत्ताच वहीत लिहून ठेवा. आडसॅसला प्रत्येक कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट लागते, मग तिथे एकच विषय केलेला असला तरी. तीन वर्षांनी त्या कॉलेजचा लॉगिन सापडत नाही आणि अर्ज पडताळणीत अडकून राहतो.

आता प्रवेशपरीक्षा, म्हणजे डॅट (डेंटल ॲडमिशन टेस्ट). संगणकावर, प्रोमेट्रिकच्या केंद्रात. चार भाग: विज्ञानाचे १०० प्रश्न ९० मिनिटांत (४० बायॉलॉजी, ३० जनरल केमिस्ट्री, ३० ऑरगॅनिक), पर्सेप्चुअल ॲबिलिटीचे ९० प्रश्न ६० मिनिटांत, मग हवी तर अर्ध्या तासाची सुट्टी, नंतर वाचन-आकलनाचे ५० प्रश्न ६० मिनिटांत आणि गणिताचे ४० प्रश्न ४५ मिनिटांत. पडद्यावरचा कॅल्क्युलेटर फक्त गणितात मिळतो, केमिस्ट्रीत नाही. म्हणून सराव करताना लॉगॅरिदम आणि घातांकांची अंदाजे आकडेमोड कागदावर करायची सवय हवी. फिजिक्स या परीक्षेत नाही, त्यामुळे ते तिसऱ्या वर्षावर ढकललं तरी बिघडत नाही.

वेळ साधायची असेल तर ऑरगॅनिकची दोन्ही सेमिस्टर मे २०२८ मध्ये संपली की लगेच येणारा उन्हाळा. दहा-बारा आठवडे, आठवड्याला २५ तास, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला परीक्षा. ऑरगॅनिक डोक्यात ताजं असतं, हाताशी इतर वर्ग नसतात, आणि गुण मनासारखे आले नाहीत तर हिवाळ्याच्या सुट्टीत दुसरी संधी मिळते. दोन प्रयत्नांत ६० दिवसांचं अंतर सक्तीचं आहे. जे मे २०२९ मध्ये पहिल्यांदा बसतील त्यांची दुसरी संधी थेट जुलैअखेर येईल, म्हणजे लवकर अर्ज करण्याचा फायदा हातचा गेला. उलट टोकाला, पहिल्या वर्षानंतरच परीक्षा उरकून टाकायचीही घाई नको. ऑरगॅनिक झालेलं नसतं, आणि बऱ्याच शाळा दोन-तीन वर्षांपेक्षा जुने गुण स्वीकारत नाहीत. मध्ये एखादं गॅप वर्ष घेतलं की ते गुण बाद होऊ शकतात.

गुणांबद्दल एक सावधगिरी. मार्च २०२५ पासून गुण २०० ते ६०० या पट्टीवर, दहा-दहाच्या टप्प्याने देतात. त्याआधी १ ते ३० ची पट्टी होती. ओळखीतली मोठी मुलं "मला २१ होते, २२ लागतात" असं सांगतील ते जुन्या पट्टीतलं. दोन्हींची सांगड घालणारा तक्ता अमेरिकन डेंटल असोसिएशनने दिला आहे, तोच बघावा. मनाने गुणाकार करू नये.

पर्सेप्चुअल ॲबिलिटी, ज्याला मुलं पॅट म्हणतात, त्यावर थोडं जास्त लिहितो, कारण कॉलेजातला कुठलाच विषय त्याची तयारी करून देत नाही. सहा प्रकार, प्रत्येकी १५ प्रश्न. वस्तू कुठल्या भोकातून आरपार जाईल, तीन दिशांनी दिसणारी आकृती, कोनांची चढती क्रमवारी, घडी घातलेल्या कागदाला पाडलेली भोकं, घनांची मोजणी, आणि सपाट आकृती दुमडून होणारी वस्तू. प्रश्नाला सरासरी ४० सेकंद. यातली घनांची मोजणी हे हमखास पदरात पडणारे गुण आहेत, तरी मुलं तिथेच घालवतात. चिकटवलेल्या घनांचा ढीग दाखवतात. टेकलेला तळ सोडून उघडी दिसणारी प्रत्येक बाजू रंगवली आहे असं धरायचं, आणि विचारतात 'दोन बाजू रंगलेले घन किती?' एकाच ढिगावर पाठोपाठ दोन-तीन प्रश्न येतात. म्हणून प्रश्न न वाचताच आधी पाटीवर ०, १, २, ३, ४, ५ असे सहा रकाने पाडायचे आणि ढिगातला एकेक घन मागच्या कोपऱ्यापासून ओळीने घेऊन त्या-त्या रकान्यात रेघ मारत जायची. शेवटी रेघांची बेरीज आणि घनांची एकूण संख्या जुळली पाहिजे. नाही जुळली तर बहुधा वरच्या घनाखाली दडलेला एखादा सुटलेला असतो. एकदा हा तक्ता झाला की पुढचे सगळे प्रश्न वाचून नुसते आकडे टाकायचे. कोनांमध्ये चारही कोनांची क्रमवारी लावत बसू नये. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा ठरवला की पर्यायांतले दोन-तीन आपोआप गळतात. भोकाच्या प्रश्नात वस्तू आत घालण्याआधी कशीही फिरवता येते, पण आत शिरल्यावर वळवता येत नाही, हा नियम विसरून मुलं फसतात. रोज वीस मिनिटं, आठ आठवडे, असा सराव पॅटला मानवतो. रविवारी सलग पाच तास केलेला मानवत नाही.

शॅडोइंगकडे येऊ. पहिल्या वर्षाच्या हिवाळी सुट्टीत सुरू केलं तरी भरपूर वेळ आहे. साधारण १०० तास हे ध्येय ठेवावं, त्यातले निम्म्याहून जास्त जनरल डेंटिस्टकडे, उरलेले ऑर्थोडॉन्टिस्ट, ओरल सर्जन, लहान मुलांचे डेंटिस्ट अशा दोन-तीन ठिकाणी. काही शाळा किमान तास स्पष्ट लिहितात, ते त्यांच्या पानावर बघावेत. दवाखान्यात सोमवारी सकाळी फोन करू नये, शनिवार-रविवारच्या दुखण्यांची रांग असते. ऑफिस मॅनेजरला दोन परिच्छेदांचा ईमेल, कॉलेजचं नाव, कोणते दिवस मोकळे आहेत ते, आणि चार दिवसांनी एक फोन. दहा ठिकाणी विचारलं तर दोन-तीन होकार येतात, नकाराचं वाईट वाटून घ्यायचं नसतं. पहिल्या दिवशी रुग्णांच्या गोपनीयतेच्या कागदावर सही घेतील, काही ठिकाणी लसींची नोंद मागतील.

तास भरणं आणि बघणं यांत फरक आहे. दोन दातांच्या मधल्या बाजूला लागलेली कीड काढून कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं भरण) भरताना नीट बघायला सांगा. डॉक्टर दाताभोवती पातळ धातूची पट्टी लावतात आणि फटीत छोटी पाचर ठोकतात. ती पाचर पट्टीला हिरडीजवळ दाताशी घट्ट दाबते आणि दोन दात किंचित दूर सारते. ती नीट बसली नाही तर खाली भरणाची कड बाहेर येते, किंवा पट्टी काढल्यावर दोन दातांत फट राहते आणि मग प्रत्येक जेवणात तिथे अन्न अडकतं. भरण दोन-दोन मिलिमीटरच्या थरांत का घालतात, प्रकाशाने प्रत्येक थर वेगळा का कडक करतात, शेवटी फ्लॉस का घालून बघतात, रंगीत कागद चावायला का देतात, हे त्या वेळी विचारायचं नाही. रुग्ण गेल्यावर विचारायचं. त्याच दिवशी वहीत तारीख, तास, काय प्रक्रिया झाली आणि दोन ओळी निरीक्षण. रुग्णाचं नाव कधीच नाही. आणि खुर्चीवरच्या कामाइतकंच फ्रंट डेस्कवर काय चालतं तेही बघावं: विम्याची वर्षाची मर्यादा संपल्यामुळे क्राउन (दातावरची टोपी) जानेवारीवर ढकलणारा माणूस जवळजवळ रोज येतो. मुलाखतीत "या व्यवसायातली अडचण सांगा" म्हटल्यावर अशी नोंदच उपयोगी पडते.

इथे एक खास आपल्या लोकांसाठी. सुट्टीत भारतात गेल्यावर मामाच्या किंवा काकांच्या दवाखान्यात महिनाभर बसायचं आणि तेच मुख्य शॅडोइंग म्हणून लिहायचं, असं करू नका. ते तास जादाचे म्हणून चालतील, पण अमेरिकेतली प्रॅक्टिस पाहिलेली नाही हे लगेच दिसतं. नात्यातल्या डॉक्टरचं शिफारसपत्र शाळा धरत नाहीत. आणि मामाने प्रेमाने "ये, तू काढ हा दात" म्हटलं तरी हात लावायचा नाही. प्रशिक्षण नसताना रुग्णावर केलेलं काम अर्जात अभिमानाने लिहिलं की त्याचा अर्थ 'हिला मर्यादा कळत नाहीत' असा घेतला जातो, आणि तो घेणं बरोबरच आहे.

हाताच्या कौशल्याबद्दल पालक फार विचारतात. रांगोळी, शिवणकाम, व्हायोलिन, मातीकाम, काहीही चालतं, फक्त वर्षानुवर्षं चालू हवं. अर्जासाठी म्हणून मेणाचे दात कोरायचा संच मागवून तीनदा वापरला, त्याला फारसा अर्थ नाही. समाजसेवेचंही तेच: सहा संस्थांत प्रत्येकी दहा तासांपेक्षा एकाच ठिकाणी दोन वर्षं दर आठवड्याला दोन तास. अर्जात प्रत्येक अनुभवाची सुरुवात, शेवट, आठवड्याचे तास आणि तिथल्या जबाबदार व्यक्तीचा संपर्क भरावा लागतो, तो तेव्हाच्या तेव्हा टिपून ठेवावा.

शिफारसपत्रं आडसॅसवर जास्तीत जास्त चार. त्यात दोन सायन्स प्रोफेसर आणि एक डेंटिस्ट ही बऱ्याच शाळांची अपेक्षा. मोठ्या वर्गातल्या प्रोफेसरला मुलगी कोण हे कळायचं असेल तर दुसऱ्या आठवड्यापासून ऑफिस अवर्समध्ये (प्रोफेसरांना भेटायच्या ठरलेल्या वेळांत) जायला हवं, शंका घेऊन. नुसती हजेरी लावायला नाही. त्याच प्रोफेसरकडे दुसरा विषय किंवा लॅब असिस्टंटचं काम मिळालं तर पत्राला वजन येतं. पत्र मागताना "तुम्ही मला ठाम शिफारस देऊ शकाल का?" असंच विचारावं. समोरचा घुटमळला तर आभार मानून दुसरीकडे जावं. सहा आठवड्यांची मुदत, ट्रान्सक्रिप्ट आणि रेझ्युमे सोबत द्यावा, आणि पत्र वाचण्याचा हक्क फॉर्मवर सोडून द्यावा. तो राखून ठेवला तर शाळा पत्राकडे संशयाने बघतात. कॉलेजात समितीचं एकत्रित पत्र देण्याची पद्धत असेल तर तिची अंतर्गत मुदत तिसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यातच असू शकते, हे पहिल्या वर्षीच प्री-हेल्थ ऑफिसला विचारून ठेवा.

निबंधाला ४,५०० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. "माझ्या ब्रेसेस निघाल्या त्या दिवशी मी आरशात बघितलं" अशी सुरुवात वाचणाऱ्यांनी इतक्या वेळा वाचलेली असते की पुढची ओळ त्यांना पाठ आहे. शॅडोइंगची वही इथे कामाला येते.

नावाची भानगड मात्र आजच मिटवा. डॅटसाठी आणि अर्जासाठी आधी डेंटपिन हा ओळख क्रमांक काढावा लागतो, आणि परीक्षा केंद्रात दोन ओळखपत्रं लागतात. आपल्याकडे वडिलांचं नाव कधी पासपोर्टच्या पहिल्या नावातच घुसलेलं असतं, ड्रायव्हिंग लायसन्सवर गळालेलं असतं आणि कॉलेजच्या नोंदीत तिसऱ्याच रूपात असतं. नोंदणी आणि ओळखपत्र यांत नाव जुळलं नाही तर दारातून परत पाठवतात आणि फी जाते. एकच रूप ठरवून सगळीकडे तेच करून घ्या.

शेवटचा आणि तुमच्या बाबतीत सर्वांत वजनदार मुद्दा व्हिसा आणि पैशाचा. एच-४ साधारणपणे २१ व्या वर्षी संपतो, म्हणजे अर्जाच्या सुमारास किंवा त्याआधीच तिला बहुधा एफ-१वर जावं लागेल. अनेक सरकारी डेंटल स्कूल फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांचेच अर्ज घेतात, तिथे जीपीए ४.० असला तरी उपयोग नाही. टेक्सासच्या सरकारी शाळांसाठी टीएमडीएसएएस हे वेगळं पोर्टल आहे आणि तिथे राज्यातल्या रहिवाशांनाच बहुतांश जागा. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी, युनिव्हर्सिटी ऑफ पेन्सिल्व्हेनिया, बॉस्टन युनिव्हर्सिटी अशा खासगी शाळा आंतरराष्ट्रीय अर्ज घेतात, पण राहण्याखाण्यासह वर्षाचा खर्च एक लाख डॉलरच्या सहज पुढे जातो आणि आय-२० साठी (एफ-१ व्हिसाला लागणाऱ्या शाळेच्या कागदासाठी) किमान पहिल्या वर्षाचे पैसे दाखवावे लागतात. एफ-१ वर सरकारी कर्ज नाही. खासगी कर्जाला बहुतेक ठिकाणी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जामीनदार लागतो. दरम्यान ग्रीन कार्ड आलं तरी पूर्ण सुटका नाही: १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद आहे आणि व्यावसायिक पदवीसाठी सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलर. उरलेली रक्कम कुठून येणार याचा आकडा घरात बसून आत्ताच मांडा.

शाळांची यादी करताना डीडीएस आणि डीएमडी यांत भेद करू नका, पदवी एकच आहे. तिसऱ्या वर्षाच्या जानेवारीत एक तक्ता करा: शाळा, माझ्या व्हिसावर अर्ज घेतात का, कोणते विषय सक्तीचे, एपी चालतं का, डॅट किती जुनी चालते, किती पत्रं, एकूण खर्च. दुसऱ्याच रकान्यात 'नाही' आलं तर ती ओळ खोडायची. आणि भारतातून बीडीएस करून आलेल्या भावंडांचा सल्ला या तक्त्यात मिसळू नका. त्यांचा रस्ता आयएनबीडीई ही डेंटल बोर्डाची परीक्षा आणि परदेशात शिकलेल्या डेंटिस्टांसाठीच्या कॅपिड पोर्टलचा आहे, त्यांच्या तारखा आणि अटी तुमच्या मुलीला लागू होत नाहीत.